विमानशाळा निवडतांना

आमच्या बारामतीच्या घरांत कोणताही नवा विषय प्रथम रात्रीच्या पंक्तीला निघतो आणि ताकभात होण्यापूर्वीं त्याचा बहुधा निकाल लागतो. चुलतबहिणीचें लग्न, मागल्या भिंतीची डागडुजी, नानांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, हे सर्व प्रश्न असेच सुटले. मी विमान चालवावयास शिकणार, हा एकच विषय असा निघाला कीं तो चार वर्षें पानावर तसाच राहिला. आतां त्याचा निकाल लागला आहे. तो लागेपर्यंत जें कांहीं मला कळलें तें माझ्यासारख्या एखाद्या नोकरदार तरुणाच्या, आणि त्याहूनही त्याच्या घरच्या वडील माणसांच्या उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हें लिहीत आहें.

प्रथम माझी माहिती थोडक्यांत सांगतों. मी शास्त्रशाखेचा पदवीधर. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्यें साखरेचें तंत्र शिकलों आणि २०२० पासून इंदापूर तालुक्यांतील एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेंत केमिस्ट आहें. गळिताच्या हंगामांत आम्हांला तीन पाळ्या असतात: पहाटे चार ते दुपारीं बारा, बारा ते रात्रीं आठ, आणि रात्रीं आठ ते पहाटे चार. घरापासून कारखान्यापर्यंत मोटारसायकलनें तासाभराची वाट आहे. तुकोबांची पालखी दरवर्षीं पंढरपुरास जातांना सणसर, निमगांव केतकी करीत इंदापुरास पोंचते, तीच ही वाट.

ह्याच वाटेवर वालचंदनगरचा फाटा लागतो. शेठ वालचंद हिराचंद यांनीं ह्या माळावर ऊस पिकविला, साखर कारखाना काढला आणि गांव वसविलें, हें आमच्याकडे शाळेंतील मुलासही ठाऊक असतें. पण ह्याच गृहस्थांनीं डिसेंबर १९४० मध्यें बंगलोरास हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापिली, आणि तेथें १९४१ मध्यें जोडून उडविलेलें पहिलें विमान लढाऊ नसून शिकाऊ वैमानिकांसाठीं केलेलें हार्लो जातीचें होतें, ही गोष्ट मला नोकरीस लागल्यावर कळली. साखर आणि विमान ह्या दोन वस्तु एका डोक्यांत सुखानें नांदूं शकतात, याचें हें उदाहरण मीं मोठ्या उत्साहानें पंक्तींत सांगितलें. त्यावर अप्पा, म्हणजे माझे थोरले काका, शांतपणें म्हणाले, “वालचंदशेठनीं साखर सोडून विमान केलें नाहीं. कारखाना चालता ठेवून केलें, हेंही लक्षांत घे.” अप्पांनीं पस्तीस वर्षें शाळेंत गणित शिकविलें आहे. त्यांच्याशीं वाद घालणें सोपें नाहीं.

नोकरी चालती ठेवूनच शिकावें, हें त्या दिवसापासून माझ्याही मनानें घेतलें. विमानतळ आमच्या गांवाजवळच, औद्योगिक वसाहतीच्या बाजूस आहे. शिकाऊ विमानांचा आवाज बारामतीस कोणास नवा नाहीं. उसाच्या गाड्यांच्या रांगेंत उभें राहून मीं तो इंदापुराकडेही अनेक वेळां ऐकला आहे. तेव्हां शाळा दाराशीं, पगार चालूं, आईच्या हातचें जेवण. याहून दुसरें काय पाहिजे? जुलै २०२२ मध्यें मीं एका संस्थेचा अर्ज आणून टेबलाच्या खणांत ठेवला.

त्याच महिन्यांत, २५ तारखेस, बारामतीहून निघालेलें एक शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यांतील कडबनवाडीच्या शेतांत कोसळलें. आंत एकटी शिकाऊ वैमानिक मुलगी होती. गांवकरी मदतीस धांवले. सुदैवानें प्राणावरचें संकट किरकोळ दुखापतीवर निभावलें. त्या रात्रीं पंक्तींत कोणी माझ्या अर्जाचें नांव काढलें नाहीं. आजीनें फक्त एवढेंच विचारलें, “त्या मुलीची आई कुठें असते रे?” मला उत्तर देतां आलें नाहीं. अर्ज खणांतच राहिला.

तथापि मनांतून गोष्ट जाईना. शेवटीं २०२३ च्या जानेवारींत, घरच्यांची अर्धवट संमति घेऊन, प्राथमिक वैद्यकीय तपासणी आणि शिकाऊ परवाना यांची पूर्तता करून मीं एका शाळेंत आठवड्यास जमेल तेवढें उड्डाण करावयास आरंभ केला. त्या शाळेचें नांव येथें देण्याचें कारण नाहीं, कारण पुढें जें झालें त्यांत दोष तिचा नव्हता. चार महिन्यांत माझे अकरा तास झाले. कधीं पाळी बदले, कधीं विमान दुसऱ्याच्या नांवावर लागलेलें असे, कधीं सकाळचें धुकें. एका उड्डाणानंतर दुसरें तीन तीन आठवड्यांनीं. जमीन जवळ आली म्हणजे विमानाचें नाक किती आणि केव्हां उचलावयाचें, हें मागल्या खेपेस हाताला समजलेलें असे. तें पुढल्या खेपेपर्यंत हात विसरून जाई. शिक्षक पुनः तोच धडा घेत आणि मी त्याच धड्याचे पुनः पैसे भरीत असें.

मार्चमधील एक सकाळ मला विसरतां येणार नाहीं. रात्रपाळी करून मी पहाटे चार वाजतां सुटलों, कारखान्यांतच तोंड धुऊन चहा घेतला आणि सात वाजतां विमानापाशीं उभा राहिलों. शिक्षक माझ्याहून वयानें लहान. त्यांनीं माझ्याकडे पाहिलें आणि विचारलें, “काल रात्रीं झोंप किती झाली?” मीं म्हटलें, “उड्डाण झाल्यावर घेणार आहें.” त्यांनीं वहींतील माझ्या नांवावर रेघ ओढली व म्हणाले, “मग आज विमान तुमच्याशिवाय जाईल. झोंप न झालेला माणूस आणि दारू प्यालेला माणूस यांत वर गेल्यावर मला फरक करतां येत नाहीं.” मला भयंकर राग आला. ती सकाळ मिळविण्यासाठीं मीं दोन सहकाऱ्यांच्या पाळ्या केल्या होत्या. मोटारसायकलवरून घरीं येतांना वाटेंत एकदां डोळा लागला, चाक रस्त्याच्या कडेच्या खडींत गेलें आणि मी दचकून जागा झालों. गाडी उभी करून मी बराच वेळ लिंबाखालीं बसलों. राग गेला होता. ज्या माणसाला जमिनीवर दोन चाकें सांभाळतां येत नव्हतीं तो एक तासापूर्वीं आकाशांत जावयास निघाला होता. ही हकीकत मीं घरीं वर्षभर सांगितली नाहीं.

त्या लिंबाखालीं मला माझ्याच धंद्यांतील एक साधी गोष्ट आठवली. ऊस तोडला म्हणजे तो चोवीस तासांच्या आंत गव्हाणींत पडला पाहिजे. तोडलेला ऊस उन्हांत पडून राहिला तर त्याचें वजन घटतें, आंतली साखर मोडूं लागते आणि उतारा खालीं येतो. शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट तेच, खत तेंच, पाणी तेंच. केवळ तोडणी आणि गाळप यांच्यामध्यें अंतर पडल्यानें नुकसान. विमानशिक्षणाचेंही तेंच आहे. मी नोकरीच्या फटींतून थोडा थोडा ऊस तोडीत होतों आणि तो वाळत होता. शाळा कोणती चांगली, हा प्रश्न मीं वर्षभर लोकांस विचारला. पण आपणांस त्या शाळेस सलग किती दिवस देतां येतील, हा प्रश्न मीं स्वतःस एकदांही विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशीं कागद घेऊन हिशेब केला. धंदेवाईक वैमानिकाच्या परवान्यासाठीं आपल्या देशांत दोनशें तासांचें उड्डाण लागतें. त्यांत शंभर तास स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून, वीस तास एका गांवाहून दुसऱ्या गांवीं असे दूरचे, त्यांत एक फेरी किमान ३०० सागरी मैलांची, म्हणजे सुमारें ५५५ किलोमीटरची. दहा तास केवळ यंत्रांवरून दिशा व उंची राखण्याचे आणि पांच तास रात्रींचे. कांहीं अटी तर अर्जाच्या लगतच्या सहा महिन्यांतच पुऱ्या व्हाव्या लागतात. माझी गति चार महिन्यांस अकरा तास, म्हणजे वर्षास तेहतीस. ह्या चालीनें दोनशें तासांस सहा वर्षें लागलीं असतीं, आणि विसरलेलें पुनः शिकण्याचा खर्च निराळाच.

शिवाय पंचांगही आड येत होतें. बारामती आणि इंदापूर हा पर्जन्यछायेचा प्रदेश. दिवाळीच्या सुमारास आकाश निवळतें तें उन्हाळ्यापर्यंत उड्डाणास उत्तम असतें. पण तोच आमचा गळिताचा हंगाम. तेव्हां केमिस्टास रजा कोठली! कारखाना थंड होतो, यंत्रांची दुरुस्ती निघते, रजा मिळते, ती पावसाळ्याच्या तोंडावर. आणि त्या वेळीं पाऊस आमच्याकडे थोडा असला तरी खालचे ढग व पश्चिमेचा सोसाट्याचा वारा भरपूर. जणूं ऊस आणि आकाश यांनीं एकच मुहूर्त धरला होता. दोहोंपैकीं एक सोडल्यावांचून दुसरें मिळणार नाहीं, हें मीं अप्पांस सांगितलें. ते कागद पाहून म्हणाले, “हिशेब बरोबर आहे. वालचंदशेठना कारखाना दुसऱ्याच्या हातीं देतां येत होता. तुला विमान दुसऱ्याच्या हातीं देऊन कसें चालेल?”

परंतु याचा अर्थ नोकरी दुसऱ्या दिवशीं सोडावी असा नव्हे. उड्डाण नोकरीबरोबर होत नाहीं. पण उड्डाणाच्या आधींचें बरेंच कांहीं होतें, आणि तें आधींच व्हावें. पहिली गोष्ट पूर्ण वैद्यकीय तपासणी. प्राथमिक तपासणी शिकाऊ परवान्यास पुरते. धंद्यासाठीं पहिल्या वर्गाची लागते. डोळ्यांस रंग नीट ओळखतां येत नाहींत किंवा कानांत दोष आहे, हें लाखों रुपये भरल्यावर समजण्यापेक्षां आधीं समजलेलें बरें. दुसरी गोष्ट लेखी परीक्षा. हवाई मार्गशोधन, हवामानशास्त्र, हवाई वाहतुकीचे नियम आणि विमानाचें तंत्र हे विषय प्रयोगशाळेंतल्या नोकरींतही अभ्यासतां येतात. रेडिओवरील संभाषणाची परीक्षा निराळी. मी २०२४ व २०२५ ह्या दोन वर्षांत हें सर्व उरकलें. हवामानशास्त्राचें पुस्तक मीं बहुतांशीं रात्रपाळींतल्या मधल्या सुट्टींत वाचलें आहे. त्याच्या पानांस अजून रसाचा वास येतो.

मग शाळा पाहूं लागलों. आतां मला काय पाहावयाचें तें ठाऊक होतें. विमानशिक्षण बारामतीस मिळतें, गोंदियाजवळ बिरसीस मिळतें, रायबरेलीजवळ फुरसतगंज येथें सरकारी संस्था आहे, तेथें प्रवेशपरीक्षा देऊन पूर्ण वेळ राहावें लागतें. इतरही अनेक ठिकाणें आहेत. मीं पाहिलेल्या संस्थांचीं नांवें देत नाहीं, कारण अशा संस्थांची स्थिति दोन वर्षांत पालटते आणि माझें जुनें मत कोणाचें तरी नुकसान करील. पाहण्याची रीत तेवढी सांगतों.

एका शाळेंत अप्पा माझ्याबरोबर आले होते. कार्यालयांत मला चकचकीत पुस्तिका मिळाली. सर्व फी आगाऊ भरल्यास मोठी सूट होती. मी सही करण्याच्या बेतांत होतों. अप्पा तोंवर बाहेर झाडाखालीं बसून राहिले होते. सकाळीं सातपासून अकरापर्यंत. मी बाहेर येतांच म्हणाले, “मैदानावर अकरा विमानें मांडलेलीं आहेत. चार तासांत तीनच उडालीं. आकाश तर निरभ्र आहे.” मला माझीच लाज वाटली. कारखान्याच्या पाटीवर लिहिलेली गाळपक्षमता आणि दिवसाचें प्रत्यक्ष गाळप यांतील फरक ज्याचा रोजचा विषय, त्यानें हें विसरावें! विमानें किती आहेत हें विचारूं नये. आज उडण्यायोग्य किती आहेत, शिकणारे किती आणि शिक्षक किती, हें विचारावें. गेल्या तुकडीचे दोनशें तास किती महिन्यांत झाले, हें कार्यालयांत न विचारतां चहाच्या टपरीवर मुलांस विचारावें. रात्रींच्या उड्डाणाची सोय त्याच मैदानावर आहे कीं त्यासाठीं दुसरीकडे जावें लागतें, तें पाहावें. आणि पैसे टप्प्याटप्प्यानें घेतात कीं नाहीं, मध्येंच सोडल्यास काय परत मिळेल, हें लेखी घ्यावें.

सर्वांत कठीण प्रश्न सुरक्षिततेचा. ऑक्टोबर २०२३ मध्यें चार दिवसांच्या आंत बारामतीजवळ दोन शिकाऊ विमानें कोसळलीं आणि नागरी विमानवाहतूक संचालनालयानें त्या संस्थेचें शिक्षण कांहीं काळ बंद ठेविलें. आमच्या घरांत पुनः शांतता पसरली. संचालनालयानें ऑक्टोबर २०२५ पासून अशा संस्थांस श्रेणी देण्यास आरंभ केला, हें चांगलें झालें. पहिल्या यादींत वरच्या दोन श्रेणी एकाही संस्थेस मिळाल्या नाहींत, यावरून निवड करणाऱ्यानें किती जपून राहावें तें दिसतें. पण श्रेणीखेरीज मीं प्रत्येक ठिकाणीं एक प्रश्न विचारला: “गेल्या वर्षीं तुमच्या विद्यार्थ्यांनीं आपण होऊन कळविलेल्या चुका किती?” एका ठिकाणीं उत्तर मिळालें, “आमच्याकडे चुका होत नाहींत.” दुसऱ्या ठिकाणीं मुख्य शिक्षकांनीं कपाटांतून एक जाडजूड वही काढली. धावपट्टी चुकलेली, रेडिओची लहर चुकीची लावलेली, इंधनाचा अंदाज फसलेला, सारें मुलांच्याच हातचें लिहिलेलें. आणि खालीं शिक्षकांनीं काय केलें त्याची नोंद. ज्या प्रयोगशाळेच्या वहींत एकही वाईट आंकडा नाहीं तिच्यावर मी कधींच विश्वास ठेवीत नाहीं. मीं ती वहीवाली शाळा पसंत केली.

ती घरापासून एका दिवसाच्या प्रवासावर आहे. आईला वाईट वाटलें. गांवांत विमानतळ असतां मुलानें परमुलुखांत जावें! बारामतीविषयीं माझी तक्रार नाहीं. पण एकत्र कुटुंबांत जो घरीं असतो तो सर्वांचा असतो. आजीचें औषध, पाहुण्यांस एस्. टी. स्टँडवर आणणें, कालव्याच्या पाण्याची पाळी, हीं कामें मला टाळतां आलीं नसतीं, आणि टाळावींत असें मला वाटलेंही नसतें. सलग अभ्यास हवा म्हणून नोकरी सोडावयाची आणि तिच्या जागीं घर भरावयाचें, तर मग मिळविलें काय?

राहिला पैशांचा प्रश्न, आणि तोच खरा अवघड. एकंदर खर्च पन्नास लाखांच्या आसपास. पुढें विमानकंपनींत शिरावयाचें तर मोठ्या विमानाचें शिक्षण निराळें. सहा हंगामांत माझी शिल्लक नऊ लाख. अप्पांनीं निरा डाव्या कालव्याखालची दोन एकर बागाईत विकण्याची गोष्ट काढली. ती जमीन त्यांची, नानांची आणि पुढें माझ्याइतकीच माझ्या चुलतभावाची. दादा गप्प बसला. वहिनी मात्र वाढतां वाढतां थांबल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, आम्हांला दोन मुली आहेत. परवाना मिळूनही नोकरी मिळाली नाहीं, तर?” पंक्तींत असा प्रश्न सुनेनें विचारावा हें पूर्वीं चाललें नसतें. पण चार वर्षांत झालेल्या साऱ्या चर्चेंत तोच सर्वांत योग्य प्रश्न होता, आणि मीं तो वहिनींस तसें सांगितलें.

त्या प्रश्नामुळें जमीन वांचली. ती विकावयाची नाहीं. तिच्या तारणावर कर्ज काढावयाचें, तेंही टप्प्याटप्प्यानें. पहिला टप्पा माझ्या शिल्लकेंतून. एकट्यानें उड्डाण करण्यापर्यंत माझी मजल गेली नाहीं, किंवा मुख्य शिक्षकांनीं मला अयोग्य ठरविलें, तर तेथेंच थांबावयाचें. नुकसान माझें, जमिनीचें नव्हे. परवाना मिळून दोन वर्षांत काम न मिळाल्यास पुनः साखरेकडे वळावयाचें आणि कर्ज माझ्या पगारांतून फेडावयाचें. अप्पांनीं हें सर्व आपल्या वळणदार अक्षरांत लिहून काढलें, मीं सही केली आणि दादानें साक्ष घातली. घरांतल्या घरांत करार कशाला, असें नाना म्हणाले. पण त्या कागदामुळेंच मला आतां दादाकडे सरळ पाहतां येतें.

मीं राजीनामा दिला आहे. येत्या दसऱ्याच्या सुमारास कारखान्याचे बॉयलर पेटतील. त्याच सुमारास आकाश निवळेल आणि मी त्या शाळेंत रुजू होईन. तोंवर नव्या केमिस्टास पाळीचें काम समजावून देत आहें. परवा रात्रीं आजीनें मला जवळ बसविलें आणि विचारलें, “तिकडे झोंप पुरी घेशील ना रे?” मी चमकलों. त्या मार्चमधील सकाळीं रस्त्यावर झालेली गोष्ट मीं अखेर अप्पांस सांगितली होती. ती आजीच्या कानांवर केव्हां गेली, कोण जाणे. मीं तिला वचन दिलें. अप्पांनीं लिहिलेल्या कागदावर हें एक कलम राहून गेलें होतें.